त्सेदाका : नीतिमत्त्व, न्याय, दान की आणखी काही? डब्यावर लिहायला मराठी शब्द हवा आहे

निळीशाई

नमस्कार मंडळी,

ठाण्याला आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यू) आजी राहतात. वय ८४. त्यांच्या फडताळात एक पत्र्याचा डबा आहे, वर नाणं टाकायला चीर. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा) दिवा लावायच्या आधी त्या त्यात काहीतरी टाकतात. डब्यावर उजवीकडून डावीकडे चार हिब्रू अक्षरं आहेत : त्सादे, दालेत, कोफ, हे. म्हणजे ‘त्सेदाका’. रंग इतका उडालाय की दालेतचा नुसता कोपरा शिल्लक आहे.

आता डबा नव्याने रंगवायचाय आणि हिब्रूच्या खाली मराठीतही लिहायचंय, कारण इमारतीतली मुलं विचारतात आणि आजींना प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. काम माझ्याकडे आलं, कारण मी २६ वर्षं शाळेत मराठी शिकवलं.

मी म्हटलं, ‘दान’ लिहू. आजी लगेच म्हणाल्या, “दान नको गं. दान म्हटलं की देणारा मोठा होतो.” मग मराठी बायबल उघडलं. तिथे याच शब्दाला बहुतेक ठिकाणी ‘नीतिमत्त्व’ आहे. पैसे टाकायच्या डब्यावर ‘नीतिमत्त्व’ कसं लिहायचं?

तर प्रश्न दोन. शास्त्रात (हिब्रू बायबलमध्ये) या शब्दाचा अर्थ नेमका काय? आणि डब्यावर मावेल असा मराठी शब्द कोणता?

पिंपळपार

न्याय. ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय, त्याच धातूवरून ‘त्सेदाका’. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात न्यायाधीशांना सांगितलंय, “त्सेदेक, त्सेदेक, त्याचाच पाठलाग कर.” शब्द दोनदा आलाय, इतका जोर आहे. गरिबाला देणं हा उपकार नाही, न्याय आहे, एवढंच डब्याचं म्हणणं. ‘न्याय’ लिहा.

कुरुंद

पिंपळपार, न्यायनिवाड्यासाठी हिब्रूत ‘मिशपात’ हा वेगळा शब्द आहे आणि संदेष्टे दोन्ही शब्द जोडीने वापरतात. आमोस म्हणतो, मिशपात पाण्यासारखा वाहू दे आणि त्सेदाका बारमाही ओढ्यासारखी. दोन्हींना ‘न्याय’ म्हटलं तर ओळच पडते.

त्या ओढ्याविषयी थोडं. मूळ शब्द ‘नाहाल एतान’. त्या मुलुखातले बहुतेक ओढे पावसाळ्यापुरते. उन्हाळ्यात नुसते गोटे उघडे पडतात. न आटणारा ओढा म्हणजे ‘एतान’. माण-खटावकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. सणासुदीला आलेला उमाळा आमोसला नको आहे. वैशाखातही पाणी असलं पाहिजे.

वाटसरू

निळीशाईताई, शब्द तुमच्या घरातच आहे : धर्म.

हिब्रूत सदाचरण आणि गरिबाला देणं या दोन्हींना एकच शब्द कसा, याचं पाश्चात्यांना नवल वाटत असेल. आपल्याला वाटायचं कारण नाही. दारात आलेला माणूस “धर्म करा माय” म्हणायचा. दानधर्म, धर्मशाळा, धर्मादाय. ‘धर्माचे गायी आणि दात का गे नाही’ या म्हणीतला धर्म म्हणजे फुकट मिळालेलं. सरकारी खातंसुद्धा धर्मादाय आयुक्तांचं आहे. आणि हाच धर्म शब्द युधिष्ठिराला ‘धर्मराज’ करतो. आचरण आणि देणं एका शब्दात, अगदी त्सेदाकेसारखं.

शेवंती

वाटसरू +१. धर्मादाय शब्दाकडे असं कधी पाहिलंच नव्हतं.

दिमोनाकर

शालोम आणि नमस्कार. हा धागा बघून फार बरं वाटलं. आमचं घराणं मूळ अलिबागकडचं, आईवडील इकडे इस्रायलला आले, मी इथल्या दिमोना गावात वाढलो. घरात मराठीच.

वाटसरूदादा, अर्थ तुम्ही बरोबर पकडलात, पण डब्यावर ‘धर्म’ लिहू नका असं सांगेन. आज धर्म म्हटलं की हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू असा विचार आधी येतो. वाचणाऱ्याला वाटेल, हे पैसे सिनेगॉगच्या रंगरंगोटीला जाणार. शिवाय “धर्म करा” हे मागणाऱ्याच्या तोंडचं वाक्य आहे. आजींना जे नकोय तेच मागच्या दाराने आत येतं.

इथल्या रोजच्या बोलण्यातलं एक सांगतो. कुणाशी वाद झाला आणि त्याचं पटलं, की म्हणायचं “अता त्सोदेक”, बाई असेल तर “अत् त्सोदेकेत”. तुझं बरोबर आहे. भाजीवाल्याने हिशोब चुकवला, तुम्ही दाखवून दिलंत, की तो मान हलवून हेच म्हणणार. तोच धातू. त्यात साधुसंत कुणी नाही, फक्त हिशोब बरोबर आहे.

अवांतर : त्सादे या अक्षराचा आजचा उच्चार मराठी माणसाला फुकट मिळतो. ‘चमचा’तला किंवा ‘चाक’मधला च घ्या, झालं.

नगरचा

माझे आजोबा नगर जिल्ह्यात चर्चचे पाळक (धर्मगुरू) होते. ‘नीतिमत्त्व’ हा शब्द मी पाळण्यापासून ऐकतोय, म्हणून त्याची बाजू मांडतो.

मराठी ख्रिस्ती माणसासाठी हा शब्द मुख्यतः नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांतून येतो. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं, ही बायबलच्या पहिल्या पुस्तकातली, उत्पत्ती १५:६ ची ओळ. रोमकरांस पत्राचा चौथा अध्याय त्या एका ओळीवर उभा आहे. तिथे हिब्रूत ‘त्सेदाका’च आहे. अब्राहामाने तिथे कुणाला पैसे दिलेले नाहीत, कुठला निवाडा केलेला नाही. फक्त भरवसा ठेवला. मग तिथे दान, न्याय, धर्म, यातलं काय बसवाल?

पुढे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरही याच शब्दापाशी अडला होता. ‘देवाचं नीतिमत्त्व’ म्हणजे पाप्याला शिक्षा करणारा न्याय, असं तो समजत होता आणि त्या शब्दाचा त्याला तिटकारा आला होता, हे त्याने स्वतः १५४५ मध्ये लिहून ठेवलंय. ते नीतिमत्त्व देव माणसाला देतो, असा अर्थ लागला तेव्हा त्याला स्वर्गाची दारं उघडल्यासारखं झालं. एका शब्दाच्या अर्थावरून युरोप हलला, म्हणून ‘नीतिमत्त्व’ जड शब्द म्हणून बाजूला टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

कुरुंद

नगरचा, प्रतिसाद फार आवडला. त्याच ओळीत एक गंमत आहे. “त्याने ते त्याच्या खाती त्सेदाका म्हणून धरलं” एवढंच मूळ वाक्य आहे. कुणी कुणाच्या खाती, हे सर्वनामांवरून सहज ठरत नाही. तेराव्या शतकातल्या रामबान या ज्यू भाष्यकाराने ते उलटं वाचलं : देवाने मूल देण्याचं वचन दिलं, ही देवाची त्सेदाका आहे असं अब्राहामाने मानलं. पौलाने वाचलं ते देवाने अब्राहामाच्या खाती लिहिलेलं. दोन्हीकडे क्रियापद तेच, हिशोबात धरण्याचं.

अदपाव

धागा दोनदा वाचला, मगच लिहायला बसलो. हिब्रू मला येत नाही. पण दुकान येतं.

आजोबांचं तालुक्याच्या गावी किराणा-तेलाचं दुकान होतं. सकाळी कुलूप काढलं की उदबत्तीच्याही आधी ते तराजू उचलायचे. रिकामा. दोन्ही पारडी स्थिर होईपर्यंत थांबायचे, काट्याकडे बघायचे. पारडं झुकलं तर पासंग बघायचे, चिंच, गूळ, काही चिकटलंय का ते पुसायचे. गिऱ्हाईक तेलाला भांडं घेऊन आलं की आधी रिकाम्या भांड्याचा धडा (म्हणजे त्याच्या वजनाची दुसऱ्या पारड्यात भरपाई), मग तेल. धडा न करता ओतलेलं तेल म्हणजे गिऱ्हाइकाला त्याचंच भांडं विकणं, असं ते म्हणायचे. लोखंडी वजनाच्या तळाला शिशाची टिकली असते आणि तिच्यावर निरीक्षकाचा शिक्का. लहानपणी मला वजनं पालथी करून शिक्के मोजायला आवडायचं.

नगरचा यांच्या प्रतिसादानंतर बायबल उघडलं आणि लेवीयच्या १९व्या अध्यायात सापडलं. ३६वं वचन. तराजू खरे असोत, वजनं खरी असोत, एफा खरा असो, हीन खरा असो. एफा धान्याचं माप, हीन तेल-द्राक्षारसाचं. त्या ‘खऱ्या’ला हिब्रूत काय शब्द आहे? जाणकार सांगतील का?

कुरुंद

अदपावदादा, तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत. त्या एका वचनात चार वेळा ‘त्सेदेक’ आहे. मोज्ने त्सेदेक, अव्ने त्सेदेक, एफात त्सेदेक, हीन त्सेदेक. तराजू, दगड, धान्याचं माप, तेलाचं माप. ‘अव्ने’ म्हणजे शब्दशः दगड, कारण वजनं दगडाची असत. यहूदातली इसवीसनापूर्वी आठव्या-सातव्या शतकातली अशी वजनं उत्खननात भरपूर सापडली आहेत. चुनखडीची, तळ सपाट, वरून घुमटासारखी गोल, माथ्यावर खूण कोरलेली. एक शेकेल साधारण ११.३ ग्रॅमचा.

त्यातल्या काहींवर ‘पीम’ हा शब्द आहे. बायबलमधल्या पहिल्या शमुवेलात लोहाराकडून नांगराच्या फाळांना धार लावून आणण्याच्या प्रसंगात हा शब्द एकदाच येतो. शेकडो वर्षं भाषांतरकारांना तो कळला नव्हता, कुणी त्याची कानस केली. विसाव्या शतकात वजनं हाती आली, ती शेकेलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरली, तेव्हा कळलं की ती लोहाराची मजुरी होती.

अदपाव

म्हणजे दगड त्सेदेक असू शकतो!

मग माझं म्हणणं मांडतो. दगडाला कसली आलीय नीती? त्याला विश्वास नाही, दया नाही, पुण्य नाही. तो फक्त जेवढा आहे असं सांगतो तेवढा असतो. शेर म्हटलं तर शेर. अनुवादाच्या २५व्या अध्यायात पिशवीत दोन दगड ठेवू नकोस असं आहे, एक मोठा, एक लहान. घेताना मोठा आणि देताना लहान, हे न सांगता कुठल्याही बाजारातल्या माणसाला कळेल. त्सेदेक म्हणजे एकच दगड. दुबळ्यासाठी तोच, बलवानासाठी तोच.

म्हणून मला वाटतं, हा शब्द माणसाच्या आतल्या चांगुलपणाचा नसावा. दोघांच्या मध्ये जे माप आहे, त्याचा आहे.

शेवंती

वाचनखूण साठवली.

पिंपळपार

अदपाव, तुमच्या प्रतिसादाने माझा ‘न्याय’ मी मागे घेतो. त्याऐवजी रास्त. फारसीत रास्त म्हणजे सरळ, खरं, उजवं. रेशनच्या दुकानावर आपण ‘रास्त भाव दुकान’ लिहितोच. तराजूला, दगडाला, बोलण्याला, मागणीला, सगळ्याला चालतं. दिमोनाकरांचं “अता त्सोदेक” म्हणजे “तुझं म्हणणं रास्त आहे”.

निळीशाई

पिंपळपार, ‘रास्त’ फार सुंदर. पण नुसतं विशेषण डब्यावर लोंबकळतं हो. रास्त काय? मुलं पुढचा प्रश्न विचारणारच.

आणि अदपाव, काल तुमचा प्रतिसाद आजींना वाचून दाखवला. धड्याचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. त्या म्हणाल्या, आमच्याही घरी तेलाचंच काम. त्यांची गोष्ट विचारून लिहिते.

गोदाकाठ

ते ‘शनिवार तेली’ म्हणतात ते हेच लोक ना? सहावीत असताना ऐकलं होतं.

दिमोनाकर

होय. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. हिब्रू बरीचशी विसरली होती, पण शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ची प्रार्थना टिकली. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं. हिब्रू-मराठी हगादा (वल्हांडण सणाला वाचायची पोथी) पुण्यात १८७४ मध्ये छापली. म्हणजे मराठीतून हे शब्द समजून घेण्याची धडपड आमच्याकडे आजची नाही.

अदपावदादा, मी हे वचन कितीदा ऐकलं असेल, पण तेल्याच्या घरात ‘हीन त्सेदेक’ म्हणजे काय, हे आज पहिल्यांदा डोळ्यापुढे आलं.

चौकस

सदका हा शब्द यातलाच का? “सदका उतारा” म्हणतात ना.

कुरुंद

हो, भावंड आहे. अरबीत ‘सिद्क’ म्हणजे खरेपणा, ‘सिद्दीक’ म्हणजे पूर्ण खरा माणूस आणि ‘सदका’ म्हणजे स्वखुशीने दिलेलं दान. बायबलमधली नावंही बघा : मलकीसदेक, आणि यरुशलेम पडलं तेव्हाचा यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया. ‘सदेक’ आणि ‘सिद्’ म्हणजे हेच त्सेदेक. अजून एक, गुरू ग्रहाला हिब्रूत नाव आहे त्सेदेक.

गोदाकाठ

आमच्या गुरुजींना सांगतो, माझा त्सेदेक उच्चीचा आहे :)

पुनर्वसू

थोडा विरोध नोंदवतो.

त्सेदाका म्हणजे दान नव्हे, न्याय, हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं आणि ते छान वाटतं. पण हिब्रू शास्त्राच्या बहुतांश भागात त्सेदाका म्हणजे गरिबाला पैसे देणं असा अर्थच नाही. ‘शास्ते’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातल्या दबोरेच्या गाण्यात, पाणवठ्यांवर लोक ‘परमेश्वराच्या त्सेदाका’ गातात, त्या म्हणजे त्याने मिळवून दिलेले विजय. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायानंतर त्सेदेक आणि तारण (देवाने केलेली सुटका) हे शब्द पुन्हा पुन्हा शेजारी येतात. दानाचा अर्थ उशिरा येतो. दानीएलच्या चौथ्या अध्यायात राजाला सांगितलंय, त्सिद्का करून आपली पापं तोड, गरिबांवर दया कर. ती अरामी भाषा आहे आणि काळ नंतरचा. पुढे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) काळात तो अर्थ पक्का झाला.

ग्रीकमध्येही ही सरमिसळ दिसते. मत्तय ६:१ मध्ये, लोकांना दिसावं म्हणून तुमचं ‘अमुक’ करू नका, असं येशू म्हणतो. जुन्या हस्तलिखितांत तिथे नीतिमत्त्वाचा ग्रीक शब्द आहे, नंतरच्या बऱ्याच प्रतींत दानाचा. नकलाकारांनाही तुमच्यासारखाच प्रश्न पडला असणार.

तेव्हा आमोसची त्सेदाका आणि आजींच्या डब्यावरची त्सेदाका यांत काही शतकांचं अंतर आहे. डब्याला एक शब्द द्या, शास्त्राला दुसरा.

खापर

पुनर्वसू, काळाचा क्रम मान्य. पण दोन अर्थांमधला पूल शास्त्रातच आहे. अनुवाद २४, वचन १० ते १३.

शेजाऱ्याला उसने दिलेस तर गहाण आणायला त्याच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो आणून देईल. आणि तो गरीब असेल तर त्याचं पांघरूण गहाण ठेवून घेऊन झोपू नकोस. सूर्य मावळताना परत कर. तो आपल्या पांघरुणात झोपेल, तुला दुवा देईल, आणि ती तुझी ‘त्सेदाका’ होईल.

इथे सावकाराने काहीही दान केलेलं नाही. कर्ज माफ नाही. पांघरूण मुळात त्या गरिबाचंच. न्यायालयात गेला असता तर सावकाराचा हक्क शाबित झाला असता. तरी थंडी पडायच्या आत ते परत करणं याला शास्त्र त्सेदाका म्हणतं. पैसा अजून आलेला नाही, पण माणूस आलाय.

आणि ही नुसती पोथीतली गोष्ट नाही. १९६० मध्ये तेल अवीवच्या दक्षिणेला समुद्रकाठी, मेसाद हशाव्याहू नावाच्या जुन्या गढीत, शाईने लिहिलेलं एक खापर मिळालं. इसवीसनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीचं. कापणीला आलेल्या मजुराची तक्रार आहे. मी माझी कापणी पुरी केली, मोजून कोठारात घातली, तरी शोबाय याचा मुलगा होशायाहू आला आणि माझं वस्त्र घेऊन गेला. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे भाऊ साक्ष देतील. माझं वस्त्र परत मिळवून द्या. अधिकाऱ्याला उद्देशून दिलेला हा अर्ज. त्सेदेक शब्द त्यात नाही. पण हा मजूर दान मागतोय का? तो आपलं मागतोय. आपला सदस्य-नामाचा शब्द मी त्या खापरावरूनच घेतला.

शेवंती

उन्हात कापणी करणारे भाऊ... अंगावर काटा आला. पुढे काय झालं त्याचं?

खापर

निकाल सापडलेला नाही. खापर तेवढंच.

मोगरा_वेल

मी इथे बहुतेक वाचनमात्र असते, पण या शब्दावर बायकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तामारची. उत्पत्ती ३८.

यहूदाचे दोन मुलगे एकामागून एक गेले, दोघांचीही ती बायको. रिवाजाप्रमाणे तिसऱ्याशी, शेलाशी, तिचं लग्न लावून द्यायचं होतं. यहूदा म्हणाला, माहेरी जाऊन थांब, तो मोठा होऊ दे. ती थांबली. शेला मोठा झाला, तरी निरोप आला नाही. मग तिने बुरखा घेतला, सासऱ्याच्या वाटेवर बसली, त्याने तिला वेश्या समजून जवळ केलं आणि मोबदल्याचं गहाण म्हणून मुद्रा, दोरी आणि काठी दिली. तीन महिन्यांनी बातमी आली, सून गरोदर. यहूदा म्हणाला, बाहेर काढा, जाळून टाका. तिने आरडाओरडा केला नाही. मुद्रा, दोरी, काठी पाठवली. ज्याच्या या वस्तू, त्याच्यापासून मी गरोदर आहे. बघा, कुणाच्या ते.

यहूदा म्हणाला, “त्सादका मिम्मेनी.” माझ्यापेक्षा ती अधिक... आणि इथे तोच शब्द. ‘अधिक नीतिमान’ म्हटलं तर वाक्य अडखळतं, कारण तिने केलं ते नीतीच्या पुस्तकात कुठल्या पानावर बसवणार? पण तिचं देणं लागत होतं आणि ते यहूदाने थकवलं होतं. तिची बाजू खरी होती. ते त्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं.

माझ्या आत्याला सासरच्यांनी अशीच अकरा वर्षं ‘थांब’ म्हणून माहेरी ठेवली होती. तिला कुणी सत्शील म्हणायची गरज नव्हती. तिचं रास्त होतं, एवढं एकाने म्हणायला हवं होतं.

अदपाव

मोगराताई, नमस्कार करतो तुम्हाला आणि आत्यांना.

नगरचा

मोगरावेल, तामारचं नाव मत्तयाने येशूच्या वंशावळीत घेतलंय, पहिल्याच अध्यायात. लहानपणी ती नावांची यादी पाठ केली होती, का घेतलंय हे कुणी सांगितलं नव्हतं.

एक कबूल करतो. ‘नीतिमत्त्व’ या शब्दात ‘मत्त्व’ आहे, म्हणजे माणसापाशी असलेला गुण. दगड, माप, पांघरूण, तामार, यांना तो बसत नाही. पौलापुरता मी तो सोडणार नाही. पण तेवीसाव्या स्तोत्रातल्या ‘नीतिमार्गां’कडे आता वेगळ्या नजरेने बघेन. मेंढपाळ मेंढरांना नेतो ती वाट सरळ असते, चुकत नाही, एवढंही पुरे आहे तिथे.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. घरकाम करणाऱ्या साध्या बाईलाही कळावं अशी त्यांची तळमळ होती. या शब्दापाशी त्या किती वेळ थांबल्या असतील, असं आज दिवसभर मनात आलं.

चौकस

दिमोनाकर, अवांतर विचारतो, मलिदा तुमच्याकडे इस्रायलमध्येही करतात का?

दिमोनाकर

करतात तर! भिजवलेले पोहे, खवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. एलियाहू हनबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने, लग्नाआधी, नवस फेडताना. ताटातला मलिदा आलेल्या प्रत्येकाच्या हातावर पडलाच पाहिजे, उशिरा येणाऱ्याचाही बाजूला काढून ठेवतात.

मूळ विषयाबद्दल : बाराव्या शतकातल्या रामबामने (वरचे रामबान वेगळे) त्सेदाकेच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात खालची, तोंड वाकडं करून देणं. वर वर जाताना मागायच्या आधी देणं, घेणारा कोण ते देणाऱ्याला माहीत नसणं, देणारा कोण ते घेणाऱ्याला माहीत नसणं. आणि सगळ्यात वरची, त्याला कर्ज देणं, भागीदार करून घेणं किंवा काम मिळवून देणं, म्हणजे त्याच्यावर मागायची वेळच येऊ नये.

पुनर्वसू

आठवी पायरी म्हणजे बहुतेक बचत गट. माझी बायको आमच्या वाडीत चालवते, तिला हे सांगतो. तिला आवडेल.

खापर, अनुवाद २४ बद्दल तुमचं म्हणणं पटलं. पूल आहे, मान्य. अता त्सोदेक.

निळीशाई

मंडळी, उशिरा लिहिते आहे, कारण आजींकडे दोन संध्याकाळी बसले होते. तुमचे प्रतिसाद एकेक करून वाचून दाखवले. तामारच्या गोष्टीला त्यांनी डोळे मिटून घेतले होते. धर्म, न्याय, रास्त, नीतिमत्त्व, सगळे शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पुढ्यात ठेवले. त्यांनी कागद बाजूला सारला आणि वडिलांचं सांगू लागल्या.

रेवदंड्याजवळच्या गावात घाणा होता. शुक्रवारी दुपारी बैल सोडायचे, कारण संध्याकाळपासून शब्बाथ. घाणा थांबला की वडील पावशेराचं माप पुसून घ्यायचे, काठोकाठ भरायचे आणि पडवीत झाकून ठेवायचे. कुणासाठी ते बोलायचे नाहीत. दोन घरं सोडून एक विधवा होती, तिन्हीसांजेला तिची मुलगी रिकामा तांब्या घेऊन यायची. आजी तेव्हा सात-आठ वर्षांच्या. एकदा तेल कमी निघालं होतं, म्हणून त्यांनी माप थोडं उणं भरलं. वडिलांनी ते परत घाण्याशी नेलं आणि भरून आणलं. म्हणाले, “तिचा वाटा आहे तो. त्याला हात लावायचा नाही.”

घरात त्या तेलाला ‘वाटा’च म्हणायचे. शुक्रवारचा वाटा काढला का? मुंबईला बिऱ्हाड आलं, घाणा गेला, तेलाच्या जागी डबा आला. डब्यावरची अक्षरं वडिलांनी सिनेगॉगमध्ये कुणाकडून तरी लिहून घेतली, पण घरात नाव तेच राहिलं. “मला वाटलं, हा आमचा घरातला शब्द, तुला पुस्तकातला हवा असेल,” असं त्या म्हणाल्या.

हिब्रूच्या खाली ‘वाटा’ लिहायचं ठरलं आहे.

दिमोनाकर

माझी आजीही ‘वाटा काढला का’ असंच विचारायची. इतक्या वर्षांत मी हे शब्द एकमेकांशेजारी ठेवले नव्हते. बायकोला उठवून सांगितलं.

वाटसरू

‘धर्म’ आनंदाने मागे घेतो.

नगरचा

वाटा. लेवीयच्या त्याच १९व्या अध्यायात, तराजूच्या बरंच आधी, शेताचा कोपरा कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा, असं आहे. तिथून ३६व्या वचनापर्यंत एका दमात वाचून बघा.

उत्पत्ती १५:६ ला मात्र ‘वाटा’ चालणार नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

कुरुंद

नाहीच चालणार. तिथल्यासाठी निराळा धागा काढू या, मी लिहितो.

अदपाव

निळीशाईताई, पत्र्यावर लिहिणार असाल तर आधी गंज पॉलिश पेपरने घासून काढा, मग रेड ऑक्साइडचा एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, आणि त्यावर ऑइलपेंट. आमच्या दुकानाची पाटी अशीच टिकली होती. आणि दालेतचा उरलेला कोपरा घासण्याआधी त्यावर पातळ कागद ठेवून अक्षरं उतरवून घ्या, म्हणजे आजींच्या वडिलांनी लिहून घेतलेलं वळण तसंच राहील.

निळीशाई

उतरवून घेतली आहेत. कागद आजींच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलाय. रंगारी रविवारी येतोय.